आखडलेले हात आणि हात झटकणारे शासन

आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा एक अलिखित नियम आहे. ज्या रोगाने माणसे मरतात, आणि मेल्याची बातमी होते, त्या रोगाकडे शासनाचे लक्ष जाते. ज्या रोगाने माणूस मरत नाही, केवळ निकामी होतो, तो सरकारदरबारी रोगच नसतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा मंत्र्यांच्या मोटारी त्या खोऱ्यात पोचल्या. त्याच खोऱ्यात वर्षानुवर्षे हातपाय आखडून घरात बसलेल्या माणसांसाठी कोणाची मोटार कधी आली आहे? संधिवात हे अशा मुक्या दुखण्यांत पहिल्या क्रमांकाचे दुखणे आहे. वय झाले, वात धरला, पूर्वजन्मीचे भोग आले, असे म्हणून समाज त्याची वासलात लावतो. शासनाला हे समाजाचे अज्ञान फार सोयीचे पडते. जे नशिबाने आले त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हे नशीब नव्हे, हे धोरण आहे. आणि धोरण बदलता येते.

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पुण्याच्या वृत्तपत्रांतून दोनच रूपांत दिसतात : नारायणगावचा टोमॅटो आणि बिबट्या. या दोन तालुक्यांत राबणारे शरीर कोणाला दिसत नाही. पश्चिमेकडे आहुपे, पिंपरगणे, आंबे, हातवीज, घाटघर या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर बायका आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात, दिवसभर कमरेत वाकून भाताची लावणी करतात. पडकईच्या कामात दगड वाहून, बांध घालून उतारावर खाचरे उभी करतात. डिंभे धरणात ज्यांची गावे गेली त्यांनी तर दुसऱ्यांदा डोंगर फोडून शेत केले. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या बागायतीत टोमॅटोची तोडणी, कांद्याची काटणी आणि क्रेट उचलणे हे बहुतांशी मजुरांचे, त्यातही स्त्रियांचे काम. मंचर-नारायणगावच्या बाजारात हमालांच्या पाठीवरून तो माल गाडीत चढतो. हे सारे अर्थशास्त्र बोटे, मनगटे, गुडघे आणि कणा यांवर चालते. ज्याचे सांधे गेले त्याचे भांडवलच गेले. कारण त्याच्यापाशी दुसरे भांडवल नव्हते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सांध्यांचे दुखणे एकच नसते. ओझी वाहून, वाकून, उकिडवे बसून गुडघे आणि कणा झिजतो तो एक प्रकार. तो श्रमाचा आणि वयाचा रोग आहे. दुसरा प्रकार अगदी निराळा आहे. त्यात शरीराची संरक्षकशक्ती, जी जंतूंशी लढावयाची, ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. यालाच डॉक्टर र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि आपल्याकडील वैद्य सामान्यतः आमवात म्हणतात. हा म्हातारपणाचा रोग नव्हे. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने गाठतो. सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही, बोटांची पेरे सुजतात, तासभर शरीर लाकडासारखे राहते. दुपारी थोडे सैल होते, म्हणून घरचे म्हणतात, सकाळच्या कामाच्या वेळीच हिचे दुखते. ज्या बाईला उपचाराची गरज आहे तिला आळशी ठरवून मोकळे होण्याची ही रीत घरोघर चालते. हा रोग पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सांध्यांची कायमची हानी करू लागतो. पुढे बोटे वाकडी होतात ती पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणजे हा वेळेचा प्रश्न आहे, आणि वेळ ही गोष्ट गरिबाच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

किती माणसे या रोगाने ग्रासलेली आहेत याची शासनाला कल्पना नाही, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या आखणीनुसार घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढ स्त्रीपुरुष तपासले गेले. त्यांतील ७४६ जणांना, म्हणजे शेकडा अठरांहून अधिक लोकांना, सांध्यांची वा स्नायूंची दुखणी होती. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण दर दोनशे प्रौढांत सुमारे एक, असे आढळले. जगभरच्या संधिवातशास्त्रात आज भिगवणचे नाव घेतले जाते. आता साधा हिशोब करा. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांची लोकसंख्या सहा लाखांच्या वर होती. त्यांतील प्रौढ चार लाख धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर निव्वळ या एका रोगाची दोन हजार माणसे होतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण भिगवणच्या पाहणीला तीन दशके लोटली तरी मोजणी करून पाहावी असे ज्या शासनाला वाटत नाही, त्याला हे दोन हजार लोक दिसत नाहीत असे नव्हे. ते पाहावयाचे नाहीत.

कोणी म्हणेल, मोजून काय करणार, या रोगावर इलाज आहे कोठे? हा समज निखालस खोटा आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ज्या संशोधकगटाने घडविले त्याचे नेतृत्व डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीयाकडे होते. ते मुळात कर्करोगासाठी होते. अल्प मात्रेत आमवातावर त्याला अमेरिकेत १९८८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. आज जगभर या रोगाच्या उपचाराचा पाया तेच आहे. त्याच्या गोळ्यांचा आठवड्याचा खर्च हॉटेलातील दोन-चार कप चहाइतका. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले तर प्राणावर बेतते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी द्यावी लागते, रक्ताची आणि यकृताची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते, आणि गर्भारपणात ते देता येत नाही. म्हणजे औषध स्वस्त आहे, पण ते देणारा जबाबदार माणूस आणि नियमित तपासणी यांची गरज आहे. बाजार गोळी विकू शकतो. ही जबाबदारी बाजार विकत नाही. सार्वजनिक व्यवस्थेचे काम नेमके येथे सुरू होते, आणि नेमके येथेच ती व्यवस्था अंग काढून घेते.

तिने अंग काढल्यावर जागा रिकामी राहत नाही. ती जागा वेदनाशामक गोळी आणि स्टेरॉइड घेतात. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन टोचून अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या रुग्णांना चालते केले, आणि १९५० मध्ये त्यांना व त्यांच्या दोन सहकारी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण थोड्याच काळात त्याची दुसरी बाजू उघडी पडली : चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, पोटात व्रण पडतात, दबलेला क्षय डोके वर काढतो. योग्य हातांत, थोड्या मात्रेत, थोडे दिवस हे औषध उपयोगी आहे. पण खेड्यापाड्यांतून ते निनावी पुडीतून, "जडीबुटी" म्हणून, किंवा एका इंजेक्शनात आराम म्हणून दिले जाते. एका रात्रीत गुण येतो, देणाऱ्याची कीर्ती होते, आणि आतले सांधे मुकाट्याने सडत राहतात. या बोगस डॉक्टरांना शिव्या देणे सोपे आहे. पण ज्या गावी दुसरा कोणी नाही तेथे लोक त्यांच्याकडे जाणार नाहीत तर कोठे जातील?

वेदनाशामकांची कथा तर शासनाच्या अग्रक्रमांवर जळजळीत प्रकाश टाकते. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि ती मरतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची मोठी कुपीही बंद करण्यात आली. गिधाडे वाचलीच पाहिजेत. त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण तीच गोळी वर्षानुवर्षे, उपाशीपोटी, कोणाच्याही चिठ्ठीविना गिळून कामावर जाणाऱ्या मजूर बाईची मूत्रपिंडे शाबूत आहेत की नाहीत, हे तपासण्याची निकड मात्र कोणाला भासली नाही.

आता शासकीय पक्षाची उत्तरे पाहू. पहिले उत्तर असे की खेड्यात संधिवाततज्ज्ञ आणावयाचा कोठून? हा युक्तिवाद ऐकावयास शहाणपणाचा, पण पोकळ आहे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाला छातीचा तज्ज्ञ भेटतो काय? कुष्ठरोगाच्या प्रत्येक रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ भेटला होता काय? तेथे रोग ओळखण्याच्या खुणा ठरविल्या गेल्या, औषधांची मात्रा ठरली, वैद्यकीय अधिकारी व आरोग्यसेविका यांना शिकविले गेले, औषध केंद्रावर ठेवले गेले. सहा आठवड्यांहून अधिक काळ बोटांची पेरे सुजलेली आणि सकाळी तासभर अंग आखडते, एवढी खूण आशा कार्यकर्तीलाही समजते. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा घोडेगाव आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयांत येऊन निदान व मात्रा ठरवावी. पुढचे रक्त तपासणे, गोळ्या देणे, लक्ष ठेवणे हे काम वैद्यकीय अधिकारी करू शकतो. आज उलटे चालते. आहुप्याची बाई घोडेगावला, तेथून मंचरला, तेथून साठ-पासष्ट किलोमीटर पुण्याला जाते. एका फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाची बुडते, एस.टी.चे भाडे निराळे. हा रोग जन्माचा सोबती आहे. जन्मभर अशा फेऱ्या कोण करील? तिसऱ्या फेरीनंतर उपचार सुटतो, आणि मग अहवालात लिहिले जाते की रुग्ण उपचारास सहकार्य करीत नाहीत!

दुसरे उत्तर, आता विमा योजना आहे ना? महात्मा फुले यांचे नाव दिलेली योजना मुख्यतः रुग्णालयात खाट धरणाऱ्यासाठी आहे. आमवाताचा रुग्ण खाट धरीत नाही. त्याला दर आठवड्याची गोळी आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी हवी असते. खाजगी रुग्णालयाला त्यात मिळण्यासारखे काही नाही, म्हणून योजनेलाही त्यात रस नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांची नावे घेतली. आमवाताचे नाव त्यांत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यांतही हा रोग नावाने नाही. चलनवलनाच्या अपंगत्वाच्या सदरातून दाखला मिळतो, पण केव्हा? बोटे कायमची वाकडी झाल्यावर. उपचाराने फायदा होण्याची वेळ निघून गेली की शासन दाखला देते. त्यापूर्वी रुग्ण धडधाकट समजला जातो!

तिसरे उत्तर आपल्याच गोटातूनही ऐकू येते, म्हणून त्याचा समाचार अधिक सविस्तर घेतला पाहिजे. जमिनीचे, पाण्याचे, वनहक्काचे प्रश्न पडले असताना सांधेदुखीचा प्रश्न पक्षाने हाती घ्यावा काय, असे काही साथी विचारतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे : या प्रश्नात राजकारण नाही असे त्यांना कशामुळे वाटते? औषधांचाच इतिहास पाहा.

संधिवाताचा एक भाऊबंद आहे. लहान मुलांच्या घशाला एका जंतूची लागण होते, मग सांधे सुजून ताप येतो, सांधे बरे होतात आणि हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडतात. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांच्या मुलांचा हा रोग श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, पेनिसिलिनचे एक इंजेक्शन दिले तर त्याचे हृदय वाचते. हे पेनिसिलिन देशात बनावे म्हणून आपल्याच जिल्ह्यात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने उभा राहिला. पुढे उदारीकरणाच्या काळात स्वस्त आयातीपुढे त्याला निराधार सोडले गेले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा आणि मग कारखानाही विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. कारखान्याची किंमत जमिनीच्या भावाने ठरली. मुलांच्या हृदयांच्या भावाने नव्हे.

दुसरे उदाहरण २०२० चे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवात आणि ल्युपस या रोगांवरील नित्याचे औषध. करोनावर ते चालते अशी हवा उठली, आणि मार्च महिन्यात सरकारी सल्ल्यानेही तिला बळ दिले. औषध दुकानांतून नाहीसे झाले. ज्यांचा रोजचा उपचार त्यावर होता ते रुग्ण वणवण फिरले. सरकारने निर्यात थांबविली, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी धमकीवजा भाषा वापरताच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती अंशतः पुन्हा खुली केली. पुढे चाचण्यांत सिद्ध झाले की करोनावर त्याचा उपयोग नाही. या साऱ्या गोंधळात संधिवाताच्या रुग्णाला कोणी विचारले होते काय?

तिसरे उदाहरण नव्या जैविक औषधांचे. सांधे पोखरणारा एक विशिष्ट रेणू रोखणारी ही औषधे १९९८ पासून बाजारात आली. मेथोट्रेक्सेटला दाद न देणाऱ्या रुग्णांना ती खरोखर वरदान आहेत. त्यांतील ॲडॅलिमुमॅब हे औषध अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मान्य झाले आणि पेटंटांचे कुंपण घालून तेथे २०२३ पर्यंत स्पर्धेपासून राखले गेले. भारतात २०१४ च्या डिसेंबरात एका देशी कंपनीने त्याची प्रतिकृती आणली. किंमत मूळच्या मानाने पुष्कळ कमी, तरी मजुरासाठी भारीच. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. आणि केंद्राच्या कायद्याची हमी होती शंभर दिवसांची! अशा दोन कुप्या महिन्याला लागतात. पुढे किमती उतरल्या, पण मजुराच्या आवाक्यात आल्या नाहीत. १९७५ मध्ये हाथी समितीने परदेशी औषधकंपन्यांचे वर्चस्व मोडण्याची आणि ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली होती. १९७० च्या पेटंट कायद्याने देशी औषधउद्योग उभा केला. २००५ च्या दुरुस्तीने तो कायदा जागतिक व्यापार संघटनेच्या पायाशी वाहिला गेला. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची किंमत ऑगस्ट २०१७ मध्ये शासनाने एका आदेशाने खाली आणली. म्हणजे इच्छा असली की किंमत आवरता येते. हे राजकारण नव्हे तर काय?

आणि चौथे उदाहरण प्रत्यक्ष जुन्नर-आंबेगावच्या जंगलातले आहे. येथला आदिवासी हिरडा गोळा करतो. हिरडा हा त्रिफळ्यातील एक घटक, आणि त्रिफळा हा सिंहनाद गुग्गुळ, योगराज गुग्गुळ अशा वातावरील पारंपरिक औषधांतील घटक. म्हणजे शहरातील बंगल्यात गुडघ्यांसाठी जी गोळी घेतली जाते तिच्यात या डोंगरातील घाम असतो. झाडावर चढणाऱ्याचा, वेचणाऱ्या बाईचा, वाळवून डोक्यावरून बाजारी नेणाऱ्याचा. भाव मात्र व्यापारी ठरवितो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे उन्मळली, तर भरपाईसाठी आदिवासींना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. दुसऱ्याच्या सांध्यांचे औषध पुरविणाऱ्याच्या सांध्यांना औषध नाही, ही व्यवस्था निसर्गाने निर्माण केलेली नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. आयुर्वेदाच्या नावाने छाती फुगविणारे आज सत्तेत पुष्कळ आहेत, पण अभिमान हा पुरावा नव्हे. आपल्या पुण्यातच संशोधकांनी शासकीय साह्याने सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांची मिश्रणे गुडघ्याच्या झिजेवर ४४० रुग्णांत चोवीस आठवडे आधुनिक औषधांच्या बरोबरीने तपासली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : गुण तोलाचा आला, आणि काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतील एक मोजमाप वाढलेलेही आढळले. दोन्ही गोष्टी छापल्या गेल्या. याला विज्ञान म्हणतात. असे विज्ञान आम्हाला हवे आहे. ते तपासणीविना विकल्या जाणाऱ्या डब्यांत नसते, आणि आमवाताच्या रुग्णाचे मेथोट्रेक्सेट सोडवून त्याला त्या डब्यांवर ठेवणे हा गुन्हा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत भिगवणच्या धर्तीवर घरोघर पाहणी करावी, आणि तिची सुरुवात डोंगरपट्ट्यापासून करावी. घोडेगाव व जुन्नर येथील ग्रामीण रुग्णालयांत आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्याला ठरलेल्या दिवशी संधिवाताचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, फॉलिक ॲसिड आणि त्यांसाठी लागणाऱ्या रक्ततपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत विनामूल्य व अखंड मिळाव्यात. बेंझाथिन पेनिसिलिनचा पुरवठा एक दिवसही तुटू नये. जैविक औषधे ज्यांना खरोखर आवश्यक आहेत त्यांना ती शासनाने खरेदी करून द्यावीत. आमवाताचे नाव असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात घालावे, आणि अपंगत्वाचा दाखला बोटे वाकडी होण्याची वाट न पाहता द्यावा. हिरड्याला हमीभाव द्यावा आणि तो आदिवासी विकास महामंडळाने खरेदी करावा.

या मागण्या निवेदनात घालून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवल्याने पदरात पडणार नाहीत. आपल्या कार्यकर्त्यांनी आधी स्वतः मोजावे. एका वाडीत एक दिवस जावे, ज्यांची बोटे सकाळी वळत नाहीत त्यांची यादी करावी, त्या यादीसह माणसांना घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या दारात बसावे. लाँगमार्च काढता येत नाही अशा माणसांचा हा लढा आहे. म्हणून चालता येणाऱ्यांनी तो त्यांच्यासाठी चालला पाहिजे. १२ नोव्हेंबर १९०४ रोजी ज्या जुन्नरात एस. एम. जोशी जन्मले, त्या जुन्नरात समाजवादाचा अर्थ समजावून सांगण्यासाठी व्याख्यानमालेची आवश्यकता नाही. ज्या हातांनी भात लावले, हिरडा वेचला, क्रेट उचलले, ते हात आखडले असता शासन हात झटकून उभे राहते. त्याला तसे उभे राहू न देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.